रफूवालीचा गाळा

सिगारेटने जळलेल्या कोटावर रफूवाली असा धागा फिरवायची की भोक नेमकं कुठे होतं, ते मालकालाही चाचपून शोधावं लागे. बाजाराच्या मागच्या गल्लीत, भाड्याच्या गाळ्यात, ती बावीस वर्षं मान मोडून हेच करत आली होती.

नवरा मात्र वाया गेलेला. रोकड डब्यात ठेवा नाहीतर उशीत शिवा, त्याला तिचा वास लागायचाच. म्हणून चार वर्षांपूर्वी गल्लीत स्कॅन करून पैसे घ्यायची टूम निघाली, तेव्हा हिने बरोबर डाव साधला. स्टिकर लावला, पण धाकट्या भावाच्या खात्याचा. भाऊ शिकलेला, नोकरदार, आईमागे हिनेच वाढवलेला. पैसे त्याच्याकडे जमायचे, दर शनिवारी तो लागतील तेवढे आणून द्यायचा. नवऱ्याने आता खुशाल उशा उसवाव्यात. कोणी नोट पुढे केली की ही मान हलवायची, स्कॅन करा नाहीतर उद्या या म्हणायची. बाई फार पुढारलेली आहे, असं गिऱ्हाइकं म्हणत आणि तिलाही ते पटायचं.

भावाने यातला एक पैसा खाल्ला नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. खाल्ला असता, तर निदान शिव्या घालायला तरी कोणी सापडलं असतं.

मग गाळ्याच्या म्हाताऱ्या मालकाने गाळा विकायला काढला. पहिला हक्क तुझा, पण महिनाअखेरपर्यंतच, असं त्याने बजावलं. शेजारचा मोबाइल कव्हरवाला टपून बसलाच होता. साठलेल्या पैशांत निम्मी किंमत भागत होती. उरलेल्या निम्म्यासाठी कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस आला. तारण नको, जामीन नको, आम्ही फक्त फोनवरचा व्यवहार बघतो, म्हणाला. भावाने पाठवलेला हिशेब त्याने बघितला. चार वर्षांत एका दिवसाचा खंड नाही, असं खातं अख्ख्या गल्लीत दुसरं नाही, म्हणाला. रफूवालीला मूठभर मांस चढलं.

मग त्याने तिचा नंबर टाकला. समोर काहीच आलं नाही.

त्याने सभ्यपणे समजावून सांगितलं. कंपनीच्या लेखी धंदा भावाचा होता. ही कधी धंद्यात नव्हतीच. आता नवीन खातं उघडलं तरी वर्षभराचा व्यवहार दाखवावा लागेल. महिना संपायला उरले होते नऊ दिवस. तिने सुया टोचून चाळण झालेली बोटं त्याच्यापुढे धरली.

"हे ॲपमध्ये टाकायची सोय नाही, ताई," तो म्हणाला.

संध्याकाळी भाऊ आला. माझ्या नावावर कर्ज काढतो, म्हणाला. मग अडखळत पुढचं बोलला. कर्ज ज्याचं, गाळाही त्याच्याच नावावर व्हायला हवा, असा कंपनीचा नियम होता. शिवाय हप्त्यांची जोखीम आपली, मग गाळा आपलाच राहू दे, असं त्याच्या बायकोचंही म्हणणं पडलं.

"कागदावर माझं नाव असलं म्हणून काय झालं?" तो म्हणाला. "बसणार तर तूच ना, ताई?"

नाही म्हणावं तर कव्हरवाला दारातच उभा. ती हो म्हणाली. मनातून संतापली होती, पण भावावर नाही, स्वतःच्या शहाणपणावर. नवऱ्यापासून पैसा वाचवता वाचवता तिने धंदाच देऊन टाकला होता.

भाऊ तिथेच स्टुलावर बसून फोनवर अर्ज भरायला लागला. व्यवसाय, रफूकाम. अनुभव, चार वर्षं. रफूवाली मान खाली घालून एका कोटाची बाही शिवत होती.

"कामगार किती, विचारतायत," तो म्हणाला.

तिने दातांनी धागा तोडला. त्यानेच 'एक' लिहिलं.

"पगार किती लिहू, ताई?"