मण्याचा कौल

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. गल्लीत नव्याने आलेल्या लोलकबाबाने टेबलावर दोन पक्षांचे झेंडे मांडले होते, एक समोर आणि एक उजव्या हाताला. दोऱ्याला बांधलेला मणी हातात लोंबता धरायचा. तो ज्या झेंड्याच्या दिशेने झुलेल तो पक्ष तुमचा. पक्षाच्या कट्टर माणसांच्या हातात मणी झोके घेई. बाकीच्यांच्या हातात ढिम्म!

"दोघांतलं कुणीच तुझं नाही, माई," बाबा डोळे मिटून सांगे. "परक्यासाठी पाय झिजवू नकोस. मतदानाच्या दिवशी घरीच बस."

आणि माणसं हुश्श करून घरी जात.

गल्लीतल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक पक्ष हा दवाखाना बंद करणार होता, दुसरा निदान राहू देणार होता. त्यांच्या ताईच्या दमेकरी मुलीला वाफेचं मशीन इथेच मिळायचं, आणि ताईच मण्याचं ऐकून घरी बसणार होती.

त्यांनी बाबाच्या भरल्या खोलीत जाऊन एका कट्टर कार्यकर्त्याच्या डोळ्यांवर बँडेज बांधलं आणि गुपचूप झेंड्यांची जागा बदलली. पठ्ठ्याचा मणी विरोधकांच्या झेंड्याकडे झुलू लागला! खोलीत हशा पिकला.

"मण्यात काही नाही. मनात असतं ते बोटं नकळत करतात," नर्सबाई म्हणाल्या. "आणि हे बाबा उतरलेत दवाखाना बंद करणाऱ्या उमेदवाराच्या गोदामात. त्याची माणसं मत देणारच. तुम्हाला तेवढं घरी बसवायचंय."

बाबाने काढता पाय घेतला.

ताई मात्र म्हणाली, "अगं, हात माझाच होता ना? मग मनातलंच निघालं. मला दोघेही परकेच."

"जवळचं कुणी नसेल, तर त्यातल्या त्यात कमी लांबचं बघ, ताई!"

"बघू."

ताईचं 'बघू' म्हणजे नाही, हे धाकट्या बहिणीला लहानपणापासून ठाऊक होतं.

मतदानाला झेंडेवाले गेले, बाकी गल्ली घरात राहिली. गोदामवाला उमेदवार निवडून आला आणि महिनाभरात दवाखान्याला कुलूप लागलं. नर्सबाई आपली पिशवी घेऊन निघाल्या, तेवढ्यात धापा टाकणाऱ्या पोरीला कडेवर घेऊन ताई आली.

"मशीन कुठाय गं?"

"नेलं."

ताई पोरीला मांडीवर घेऊन पायरीवर बसली. नर्सबाईंना रागवावंसंही वाटलं नाही. त्यांना फक्त रडू आलं.

बाबाला पळवून लावणं सोपं असतं, मंडळी; मनात बसलेलं हलवणं अवघड. पक्ष म्हणजे सोयरा नव्हे. तो आपला वाटेपर्यंत मत द्यायचं थांबू नका. कोण काय बंद करणार आणि कोण काय चालू ठेवणार, एवढं वेळेवर विचारा. ताईने विचारलं, पण कुलूप लागल्यावर.