दोन्ही डाव्या बाह्या

थोरलीच्या मेंदूवर पाच पांढरे ठिपके निघाले याचं तिला जेवढं वाटलं नाही, तेवढं तिची कात्री धाकटीच्या हातात गेली याचं वाटलं. ठिपके काय, डोक्याच्या आत, कुणाला दिसतात? कात्री मात्र शिवणाच्या दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला दिसत होती.

डॉक्टर म्हणाले होते, "मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मज्जातंतूंचं दुखणं, असू शकतं, नसूही शकतं. याआधी कधी हाताला मुंग्या, बधिरपणा? असा झटका आधीही येऊन गेला असेल, तर निदान लवकर होईल."

"छे, कधीच नाही," थोरली ठासून म्हणाली.

"मग सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून बघू."

म्हणजे घोंगडं भिजत पडलं. उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली होती, तीही तीन आठवड्यांत ठिकाणावर आली. पण नवऱ्याने फर्मान काढलं, "पक्कं कळेपर्यंत तू कापडाला कात्री लावायची नाहीस." आणि कोट बेतायचं काम गेलं धाकट्या जावेकडे.

वीस वर्षं थोरली कापड बेतायच्या टेबलाशी उभी होती. आता ती दाराजवळच्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांची मापं लिहायची आणि जळायची. धाकटीने खडूने ओढलेली रेघ सरळ आली की हिच्या पोटात दुखायचं. कुणी "खांदा काय बसलाय!" म्हटलं की हिचा तिळपापड. एकदा तर, हे ठिपके या बयेच्याच डोक्यात का नाही निघाले, असं तिच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याची लाजही वाटली नाही.

मग एका दुपारी अस्तर शोधताना टेबलाखालच्या चिंध्यांच्या गाठोड्यात तिला काळ्या लोकरी कापडाच्या दोन बाह्या सापडल्या. पसरून बघते तर दोन्ही डाव्या! कापडाचे दोन पदर समोरासमोर न ठेवता एकाच अंगाने ठेवले की असं होतं. अगदी नवशिक्याची चूक. थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. नवरा येईपर्यंत तिने कशीबशी कळ काढली आणि बाह्या टेबलावर आपटल्या.

"बघा, तुमच्या गुणी भावजयीचे प्रताप!"

धाकटीचा चेहरा उतरला. "चुकलं माझं, भाऊजी," ती हळूच म्हणाली. नवरा कपाळाला आठ्या घालून आत निघून गेला.

थोरली जिंकली होती. आता फक्त कात्री उचलायची बाकी होती. तिने रुबाबात एक बाही उजेडात धरली आणि तिथेच थबकली. मनगटाच्या कडेला खडूची बारीक फुली होती. अशी फुली या दुकानात एकच बाई मारायची, आणि तिने ती धाकटीला कधी शिकवली नव्हती.

"या मी बेतल्यात," थोरली म्हणाली. "कधी?"

धाकटी गाठोड्यातून सांडलेल्या चिंध्या गोळा करू लागली.

"अगं, कधी ते विचारतेय!"

"मागच्या थंडीत. ताई, दहा-बारा दिवस तुमच्या हातातून खडू सारखा पडत होता. तुम्ही म्हणायचात, दमलेय. तीन कोट मी गुपचूप पुन्हा बेतले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, हिचा माझ्या कात्रीवर डोळा आहे."

थोरली हेच म्हणाली असती. शब्दसुद्धा हेच. डॉक्टरांच्या प्रश्नाचं खरं उत्तर इतके महिने चिंध्यांत पडून होतं. तिला भीती वाटली, पहिल्यांदाच, आणि भीतीच्याही आधी हेवा वाटला: आपलं दुखणंसुद्धा या बाईला आपल्या आधी कळलं होतं.

तिने बाह्यांची नीट घडी घातली आणि फोन धाकटीपुढे सरकवला.

"डॉक्टरांची उद्याची वेळ घे. आणि तूही चल. तारखा तुला ठाऊक आहेत."