भिंत फक्त दाखवायला होती

मी नमुना बोलतोय. दचकू नका. दचकायचं काम गेले दोन महिने मी एकटाच करतोय, आणि माझं काळीज अजून ठिकाणावर आलेलं नाही.

नमुना म्हणजे कापडाचा नव्हे. तीन इमारती, मधे एक अंगण आणि एक दार, अशा आख्ख्या वसाहतीचा नमुना. सात मजले, पण उंची वीतभर. माझ्यावरची माणसं करंगळीच्या पेराएवढी. लोक मला मॉडेल म्हणतात आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

माझा जन्म एका कारागिराच्या माळ्यावर झाला. भिंती पुठ्ठ्याच्या, जमीन प्लायवूडची. झाडं त्याच्या बायकोने केली, भांडी घासायचा स्पंज हिरव्या रंगात बुडवून. काम संपलं तेव्हा कारागिराने टेबलाला गाल टेकवला, एक डोळा मिटला आणि माझ्या दारातून आत पाहिलं.

"आपल्याला इथं राहायला आवडलं असतं, नाही?" तो बायकोला म्हणाला.

"आधी आपलं गळकं छप्पर बघा," ती म्हणाली.

जिथे माझ्यासारखी वसाहत उभी राहायची होती, तिथे एक थकलेली वस्ती होती. एकेका खोलीची साठ घरं, ओल आलेल्या भिंती, शेजारी बंद पडलेला छापखाना. बांधकाम करणाऱ्या साहेबांचा विचार चांगला होता, हे मी आजही म्हणेन. एका इमारतीत वस्तीतली जुनी माणसं, दुसरीत बेताच्या पगाराची, तिसरीत ज्यांना महागडं घर परवडतं ती. सगळ्यांना दार एक, अंगण एक. मग दुकानं चालतील, शाळेचे वर्ग भरतील, या भागात पुन्हा जीव येईल, असं सांगताना त्यांचे डोळे चमकायचे. ते नाटक नव्हतं.

एकोणसाठ घरांच्या सह्या झाल्या. उरली इस्त्रीवाली मावशी. तिला सगळे कडकमावशी म्हणत. कपडे कडक आणि जीभ त्याहून कडक. तिचं टेबल वस्तीच्या तोंडाशीच होतं. तिथे दोन शब्द बोलल्याशिवाय कुणी पुढे जात नसे. तिने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"घर दिसलं. माझं टेबल कुठाय?"

"दारातच, मावशी," साहेब म्हणाले.

"कुठल्या दारात? मागच्या?"

"मागचं दार नाहीच. दार एकच."

साहेबांनी कारागिराला बोलावून तिच्यादेखत एक टेबल आणि एक बाई दारात चिकटवायला लावली. मावशीने चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून पाहिलं. "एवढी बारीक नाही हो मी," म्हणत ती हसली आणि तिने सही केली. कागदावर शेवटची ओळ होती, बांधकाम नमुन्याप्रमाणे होईल. म्हणजे माझ्याप्रमाणे! माझी छाती अशी फुगली की खिळे सैल व्हायची वेळ आली.

वस्ती पाडली गेली. माणसं काही वर्षांसाठी लांब भाड्याच्या घरांत गेली आणि मी विक्रीच्या कार्यालयात काचेखाली बसलो. नवी घरं बघायला येणारा माणूस आधी स्वतःची खिडकी शोधतो, मग गाडीची जागा, मग शेजारी. शेजाऱ्यापाशी आला की आवाज खाली जातो. "ती इमारत कुणाची?" उत्तर ऐकलं की नाक मुरडतो. माणसं वाईट नव्हती हो, चांगली हसरी होती! एक बाई माझ्या झाडांचं तोंडभरून कौतुक करत होती, आणि त्याच दमात म्हणाली, "त्यांची मुलं याच अंगणात खेळणार?" माझ्या अंगावर काटा आला.

महागडी घरं खपेनात. एके दिवशी साहेबांनी कारागिराला बोलावलं. बोलताना ते खिडकीबाहेर बघत होते.

"जुन्या लोकांच्या इमारतीपुढं एक भिंत लाव. त्यांना मागनं एक छोटं दार दे. फक्त मॉडेलमध्ये रे, दाखवायला. घरं विकली की काढून टाकू."

"आणि ही दारातली बाई?"

"तिला मागं ठेव."

मला वाटलं, हा नाही म्हणेल. टेबलाला गाल टेकवून ज्याने माझ्यात पाहिलं होतं, तो नक्की नाही म्हणेल! त्याने पिशवी उघडली. ज्या हातांनी मला घडवलं, त्याच हातांनी माझ्या अंगणात भिंत चिकटवली. बाईला मात्र मागे ठेवायला त्याचा हात होईना. तिला उपटून त्याने खिशात टाकलं, टेबलही टाकलं. जाताना पुटपुटला, "गरम डिंकानं लावलीय. गरम केली की निघेल." मला सांगून काय उपयोग? मी गारठलो होतो.

घरं धडाधड विकली गेली. त्या कागदांवरही शेवटची ओळ तीच होती, बांधकाम नमुन्याप्रमाणे होईल.

आता ऐका पुढचं. बांधकामावरच्या मुकादमाला कागदावरचे नकाशे किचकट वाटत. दर सोमवारी तो माझ्यासमोर येऊन वाकायचा, बोटांनी मोजायचा आणि जाऊन तसं बांधायचा. भिंत काही दिवसांची आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. साहेब महिन्याभराने तिकडे फिरकले आणि परत आले ते पांढरेफटक होऊन.

"अरे, ती फक्त दाखवायला होती!"

"साहेब, दाखवलीत म्हणून तर बांधली," मुकादम म्हणाला.

पाडायचं ठरेपर्यंत विकत घेणाऱ्यांचे फोन सुरू झाले. नमुन्यात भिंत आहे, हात लावलात तर कोर्टात जाऊ. साहेब डोक्याला हात लावून माझ्याशेजारी बसले. मला त्यांची कीव आली नाही.

दोन महिन्यांपूर्वी घरांचा ताबा मिळाला आणि तिन्ही इमारतींची पहिली सभा भरली. मला काच काढून सभागृहाच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. कडकमावशी आली, एका हातात सहीचा कागद, दुसऱ्या हातात पिशवी. ती थेट माझ्यापाशी आली.

"मी कुठाय?"

तिने दारात बोट फिरवलं. तिथे डिंकाचे मोहरीएवढे दोन ठिपके राहिले होते. "ही बघा माझी पावलं. हा डिंक गरम केला की सुटतो," ती म्हणाली. मग तिने पिशवीतून इस्त्री काढली, तापवली, ओलं बोट लावून चर्र वाजतंय का ते पाहिलं, आणि न टेकवता भिंतीवरून फिरवली. भिंत सबंध निघून आली. कुठे पुठ्ठासुद्धा फाटला नाही.

"इथली निघाली. आता बाहेरची काढायची. कोणाकोणाला मान्य आहे, हात वर करा."

महागड्या इमारतीचे हात खाली राहतील, याची मी तयारी ठेवली होती. मधल्या इमारतीतून चार-पाच वर आले. मग मी मावशीच्या स्वतःच्या इमारतीकडे पाहिलं, आणि माझे डोळे पांढरे झाले. सगळ्यांचे हात मांडीवरच!

तिची धाकटी बहीण उठली. "ताई, राहू दे भिंत. पुढच्या दारानं गेलं की पहारेकरी विचारतो, कुणाकडं कामाला? इकडं निदान आपली पोरं ओरडली तरी कुणी गप्प करत नाही."

कडकमावशीची जीभ मी पहिल्यांदाच गप्प झालेली पाहिली. भिंत राहिली. मी ज्यांच्यासाठी घडलो, त्यांनाच ती हवी होती, हे अजून मला पचत नाही.

सभा संपल्यावर ती साहेबांना म्हणाली, "हा नमुना मला द्या." तेव्हापासून मी तिसऱ्या मजल्यावर, तिच्या इस्त्रीच्या टेबलावर आहे. खिडकीतून खरी भिंत दिसते. एकदा कारागीर आला. खाली मान घालून त्याने काडेपेटीतून ती करंगळीच्या पेराएवढी बाई आणि तिचं टेबल काढलं.

"चिकटवून देऊ?"

"नको. चिकटवलेलं कुणीही उपटतं."

मावशीने बाईला दारात नुसतीच उभी केली. इस्त्री टेबलावर आदळली की ती पडते. दिवसातून दहादा पडते, मावशी दहादा उभी करते.

माझं मागणं एवढंच आहे. उद्या कुठे माझ्यासारखा नमुना दिसला, तर स्वतःची खिडकी जरूर शोधा, पण आधी दारात कोण उभं आहे ते बघा. नुसतं दाखवायला म्हणून काही दाखवू नका. लोक ते खरंच बांधतात.

परवा मावशी कपडे पोचवायला गेली होती आणि बाई पडलेली होती. धाकटी बहीण चावी ठेवायला आली. तिने खिडकीतून भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिने बाईला उचललं आणि पुढच्या दारात उभं केलं. मी पुन्हा दचकलो.