दर शनिवारी मी कांदे घेते

वही उघडीच पडली होती म्हणून वाचली, असं सज्जनबाई पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होत्या. खरं तर वही उघडी नव्हती. ती सुनेच्या उशीखाली होती आणि सून आंघोळीला गेली होती. चादर नीट करायच्या निमित्ताने सज्जनबाईंनी उशी उचलली, वही हातात घेतली, आणि मधलंच एक पान उघडलं.

प्रियल गेला महिनाभर मेहरूण भागातल्या एका क्लासला इंग्रजी शिकायला जात होती. लेकीच्या शाळेत पालकांच्या सभेला सगळ्या आया इंग्रजीत बोलतात आणि आपण भिंतीला टेकून उभ्या राहतो, असं तिने एकदा जेवताना सांगितलं, आणि पारसने बायकोच्या बाजूने मान हलवली. मुलाने मान हलवल्यावर आईने काय बोलायचं? सज्जनबाईंना इंग्रजी येत नव्हतं. पण क्लासच्या मॅडमनी प्रत्येक इंग्रजी ओळीखाली मराठी अर्थ लिहायला लावला होता, आणि सातवीपर्यंत धुळ्याच्या शाळेत गेलेल्या सज्जनबाईंना मराठी चांगलं वाचता येत होतं.

‘मी दर शनिवारी बाजारात जाते. मी दोन किलो कांदे, एक किलो बटाटे, पाव किलो लसूण आणि एक डझन अंडी घेते. हिवाळ्यात मी भरताची वांगी घेते. भाव मीच करते. मला बाजार आवडतो.’

सज्जनबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. अक्षर सुनेचंच होतं, गोल गोल, ओळीने मांडलेलं. न्हाणीघरात बादलीत पाणी पडत होतं. त्यांनी वही होती तशी ठेवली, उशी होती तशी केली आणि स्वयंपाकघरात जाऊन प्रत्येक डब्याचं झाकण उघडून वास घेतला.

जैनांच्या या घरात कांदा येत नाही, लसूण येत नाही, जमिनीखाली उगवलेलं काहीच येत नाही. माघात सगळं जळगाव भरीत-पुरीच्या मागे लागलेलं असतं, गल्लीगल्लीत वांगी भाजल्याचा धूर असतो, तेव्हा या घराच्या खिडक्या बंद असतात. अंड्याचं तर नावही काढत नाहीत. आणि त्यातून यंदा सज्जनबाईंचं वर्षीतप चाललं होतं. एक दिवस नुसतं उकळलेलं पाणी, दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत दोनदा जेवण, असं वर्षभराहून जास्त. दहा महिने झाले होते. अक्षय तृतीयेला उसाच्या रसाने पारणं व्हायचं होतं. धुळ्याहून, जामनेरहून नातेवाईक येणार होते, सज्जनबाईंचे यजमान दलिचंदशेठ यांनी मांडववाल्याला सांगूनही ठेवलं होतं. दहा महिने ज्या कढईतलं आपण जेवलो त्याच कढईत दुपारी कोणी अंडी फोडत असेल, तर ते कसलं तप?

त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. दलिचंदशेठना सांगितलं असतं, तर ते खालच्या दुकानातून तसेच वर आले असते आणि घरात आकांत झाला असता. घर दुकानाच्या वरच होतं. सज्जनबाई गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सोडत, खाली तिच्यात डाळ, साखर, तेल जे सांगितलं ते पडे, आणि टोपली वर येई. यशोदाबाई भाजीवालीची भाजीही तशीच वर येई. चाळीस वर्षं संसार त्या टोपलीतून चालला होता. सून काही विकत आणते असं कधी झालंच नव्हतं, आणि म्हणूनच ती कांदे कुठे ठेवत असेल हे कोडं सज्जनबाईंना सुटेना.

त्या डोळ्यांत तेल घालून बघू लागल्या. पहिल्यांदा कपडे धुवायला टाकताना सुनेच्या ओढणीचा वास घेतला. त्यात काही सापडलं नाही. मग क्लासची पर्स. प्रियल लेकीला शाळेच्या बससाठी सोडायला खाली उतरली तेवढ्यात त्यांनी ती पर्स ओट्यावर रिकामी केली. पेन, रुमाल, केसांची क्लिप, आणि पर्सच्या तळाशी, शिवणीत अडकलेलं, पातळ, गुलाबी, कुरकुरीत असं काहीतरी. ते कांद्याचं साल होतं. त्याला हात लावला म्हणून त्यांनी तीनदा हात धुतले, आणि तरी त्या सालाची पुडी करून आपल्या कपाटात ठेवली. पुरावा म्हणून.

त्या दिवसापासून त्यांनी सुनेच्या हातचं जेवण सोडलं. जेवायच्या दिवशी वेगळ्या पातेल्यात स्वतः मूग शिजवायच्या आणि पातेलं घासून कपाटात ठेवायच्या.

“मम्मी, माझ्या हातून काही चुकलं का?” प्रियलने विचारलं.

“पोट ठीक नाही माझं.”

“मग मूग पण मीच करून देते ना.”

“मी म्हटलं ना, पोट ठीक नाही.”

प्रियलने सासूच्या तोंडाकडे बघितलं आणि गप्प बसली. तिच्या त्या गप्प बसण्यातही सज्जनबाईंना लबाडी दिसली. ज्याच्या मनात काही नाही तो असा गप्प कशाला बसेल? त्यांनी पारसकडेही नव्या नजरेने बघायला सुरुवात केली. पारस बाहेर गाडीवर काय काय खातो हे त्यांना ठाऊक होतं, आई म्हणून त्यांनी त्याकडे काणाडोळा केला होता. आता त्यांना वाटू लागलं की नवरा-बायको दोघं मिळून आपल्याला फसवताहेत. रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होताना त्यांना आधी राग यायचा आणि मग रडू यायचं.

शुक्रवारी यशोदाबाईची हातगाडी खाली उभी राहिली. टोपलीत पालक टाकता टाकता तिने मान वर केली.

“अक्का, तुमनी सून दिखनी व्हती मले. गये शनवारले, बजारमा.”

सज्जनबाईंनी दोरी घट्ट धरली. “कुठे?”

“कांदासना ढीगजोगे उभी व्हती. संगे एक बुरखावाली बाई व्हती. दोन्ही हाशी राहिंत्यात.”

“नीट बघितलंस तू?”

“मना डोयांनी देखं मी. खोटं बोलीसन मले काय भेटाव शे?”

टोपली वर आली, पण कांद्यांच्या ढिगाजवळ हसत उभी असलेली सून डोळ्यांपुढून हलेना, आणि पालक निवडायचा तसाच राहिला. क्लास साडेचारला सुटतो आणि शनिवारी प्रियल घरी येते सव्वापाचला. रिक्षा मिळत नाही म्हणते. आता सगळं जुळलं. उद्या क्लासातच जाऊन चारचौघांत विचारायचं, आणि सोमवारी धुळ्याला तिच्या वडिलांना फोन करायचा, असं त्यांनी ठरवलं. तुमची मुलगी घेऊन जा आणि अक्षय तृतीयेनंतर बोलू, एवढंच सांगायचं. वाक्य त्यांनी मनात चार वेळा म्हणून बघितलं.

शनिवार उपासाचा दिवस होता. तीन वाजता प्रियल गेली. चार वाजता सज्जनबाईंनी उशीखाली वही आहे का ते बघितलं. ती अर्थातच प्रियल घेऊन गेली होती. मग त्यांनी सालाची पुडी तेवढी कमरेला खोचली आणि रिक्षा केली.

क्लास एका शिलाई दुकानाच्या वरच्या खोलीत होता. दहा-बारा बायका सतरंजीवर बसल्या होत्या. मॅडम म्हणजे खुशनुमा नावाची तिशीची मुलगी, फळ्याजवळ उभी. दारात साध्या साडीतली, तपाने वाळलेली म्हातारी बघून तिने लगेच खुर्ची पुढे केली.

“या ना मावशी. कोणाच्या घरच्या तुम्ही?”

सज्जनबाईंनी उत्तर द्यायच्या आत प्रियल उभी राहिली होती. “माझ्या सासूबाई आहेत, मॅडम.”

“बसा ना. आज आमची आठवड्याच्या बाजारावर बोलायची परीक्षाच आहे. प्रियल, उभी आहेस तर तूच बोल.”

प्रियलने एकदा सासूकडे बघितलं. मग तिने डोळे फळ्यावर लावले आणि बोलायला लागली. सज्जनबाईंना बाकी काही कळलं नाही, पण ओनियन आणि पोटॅटो कळायला इंग्रजी कशाला यायला हवं? शेवटी एग्ज आलं आणि सज्जनबाई खुर्चीतून उठल्या.

“बस कर,” त्या म्हणाल्या. “मॅडम, तुम्ही शिकवता ते शिकवा. पण हिला विचारा, हे कांदे ही कोणाच्या घरात शिजवते. माझ्या घरात वर्षीतप चालू आहे.” आणि त्यांनी कमरेची पुडी काढून सगळ्यांसमोर सतरंजीवर उघडली.

मग खिडकीजवळ बसलेली, बुरख्याची जाळी वर केलेली एक मुलगी हळूच म्हणाली, “काकू, ते साल माझ्या पिशवीतलं असेल. ती यादी पण माझी आहे.”

तिचं नाव मंतशा. तिचा नवरा फर्निचरचं काम करायचा आणि घरचा सगळा बाजार तीच करायची. “क्लास सुटला की मी बाजारात जाते. प्रियल माझ्याबरोबर येते. मी निवडते, ती भाव करते. तिला फार छान जमतं. मग मी पैसे देईपर्यंत पिशवी ती धरते. तिने स्वतःसाठी कधी कोथिंबीरसुद्धा घेतलेली नाही, काकू.”

“पण मग हिने स्वतःची यादी का लिहिली नाही?” सज्जनबाईंनी विचारलं. अजून त्यांना ते पटत नव्हतं. “हिला काय घर नाही?”

खुशनुमाने प्रियलच्या हातून वही घेतली, पहिली काही पानं उलटली आणि सज्जनबाईंपुढे धरली. “माझीच चूक झाली, मावशी. पहिल्यांदा तिने स्वतःचंच लिहिलं होतं. मला वाटलं, हिला प्रश्न कळले नाहीत. मी सगळ्यावर लाल काट मारली आणि म्हटलं, मंतशाचं बघून लिही.”

सज्जनबाईंनी जे पान उघडलंच नव्हतं ते हे होतं. पाच प्रश्न, पाच उत्तरं, खाली मराठी अर्थ, आणि प्रत्येकावर लाल फुली.

‘तुम्ही दर आठवड्याला काय विकत घेता? मी काही विकत घेत नाही. तुम्ही बाजाराला कुठे जाता? मी जात नाही. तुमच्या घरी भाव कोण करतं? सासूबाई. तुम्हाला कोणती भाजी आवडते? जी टोपलीत येते ती. शेवटची खरेदी तुम्ही कधी केली? आठवत नाही.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. धुळ्याला प्रियलच्या बापाचंही किराणा दुकानच होतं आणि घर दुकानाच्या वर. पोरगी एका टोपलीखालून उठली आणि दुसऱ्या टोपलीखाली येऊन बसली, हे त्यांनी आजवर तिचं भाग्यच मानलं होतं. त्यांनी स्वतः तरी शेवटचा बाजार कधी बघितला होता? सतरंजीवर कांद्याचं साल पडलं होतं. बायका त्याच्याकडे बघायचं टाळत होत्या. सज्जनबाईंनी वाकून ते उचललं आणि पुन्हा पुडीत बांधलं. आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालंय हे त्यांना कळत होतं.

धुळ्याला फोन झाला नाही. रविवारी प्रियलने वाढलं आणि सज्जनबाई सुनेच्या हातचं जेवल्या.

पुढच्या शनिवारी क्लासला निघालेल्या प्रियलच्या हातात सज्जनबाईंनी कापडी पिशवी आणि पदराच्या गाठीतली नोट ठेवली. “येताना भाजी आण,” त्या म्हणाल्या. “तुला आवडेल ती.”

“मला?” प्रियल म्हणाली. “मला काय आवडतं ते बाजारात बघावं लागेल.”

सव्वापाचला त्या गॅलरीत उभ्या होत्या. प्रियल कोपऱ्यावरून वळली, तेव्हा पिशवी भरलेली दिसली आणि त्यांना आधी बरं वाटलं. मग ती जिना चढत असताना त्यांच्याही नकळत मनात आलं, मंतशा हिच्याबरोबर असणार, तिचा एखादा कांदा चुकून आत गेला नसेल ना? त्या दाराशी आल्या आणि त्यांचा हात पिशवीकडे गेला.

प्रियलने तो हात बघितला. तिने पिशवी त्यांच्या हातात दिली नाही. ती खाली बसली, सगळी भाजी फरशीवर ओतली, हिरवे मटार, तोंडली, मेथीची जुडी, मग पिशवी उलटी केली, झटकली, आणि आतली शिवण बोटांनी फाकवून सासूसमोर धरली.

“असं करायला कोणी सांगितलं तुला?” सज्जनबाई म्हणाल्या.

“कोणी नाही,” प्रियल म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “पर्स ओट्यावर रिकामी केली होती ना, तेव्हा क्लिप परत ठेवायची राहिली, मम्मी. तेव्हापासून मला माहीत आहे. माझ्या माघारी बघण्यापेक्षा समोर बघत जा.”

सज्जनबाईंचा हात अजून पुढेच होता. त्याचं काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी त्या सुनेजवळ फरशीवर बसल्या आणि त्याच हाताने इकडेतिकडे गेलेले मटार गोळा करू लागल्या.