मूठभर मैदा

मी एक जुना तवा आहे. ओतीव लोखंडाचा, जाड, परातीएवढा रुंद. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, एका लहानशा बंदरावरच्या खाणावळीत माझं आयुष्य गेलं.

मित्रांनो, ओतशाळेतून बाहेर पडलो तेव्हा मी करडा आणि खरखरीत होतो. मला काळाकुळकुळीत केलं ते रोझेननं. ती तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. डुकराची चरबी आणि अंड्याचा बलक फडक्यावर घेऊन ती मला घासत बसे. सुरुवातीची धिरडी माझ्यावरून सुटेनात. ती समुद्रपक्ष्यांच्या पोटात गेली. मग हळूहळू आमचं जमलं. ती पळीभर पीठ ओतायची, लाकडी दांडीनं एका फेऱ्यात पसरायची आणि कडा सुटल्या की लांब उलथन्यानं उचलायची. वर अंडं, हॅम आणि चीज घालून चारी बाजूंनी दुमडलेलं ते खमंग धिरडं खायला रविवारी चर्च सुटलं की रांग लागे.

आमच्याकडे ही धिरडी कुट्टूच्या, म्हणजे बकव्हीटच्या, पिठाची असतात. कुट्टूला इथले लोक 'काळा गहू' म्हणतात, पण गव्हाशी त्याचं काहीही नातं नाही. दारावर रोझेनच्या नवऱ्यानं, गुल्वेननं, पाटी रंगवली होती : 'शुद्ध कुट्टू'. पाटी लागली तेव्हा ती खरीच होती.

पुढे उन्हाळी पाहुण्यांची गर्दी वाढली. नुसत्या कुट्टूचं धिरडं घाईत उचललं की फाटतं. एका दुपारी रोझेननं पिठात मूठभर मैदा टाकला. धिरडं अखंड निघालं. गुल्वेननं पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

"सगळेच घालतात," ती म्हणाली. "कुणाचं काय बिघडतंय?"

खरंच कुणाचं काही बिघडलं नाही. निदान तेव्हा तरी. गोड धिरडी तर आधीपासूनच मैद्याची होती आणि तीही माझ्यावरच होत.

आनाईग ही रोझेनची जिवाभावाची मैत्रीण. तरुणपणी दोघी सार्डिन मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात शेजारी शेजारी उभ्या राहत. आनाईग मोठ्यानं हसे, मोठ्यानं बोले. पण काही वर्षांपासून ती खंगत चालली होती. पोट सतत बिघडलेलं, चेहरा पांढराफटक. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, तिला गव्हातलं ग्लुटेन चालत नाही. कणभरही नाही.

त्या रविवारी ती आली, टेबलाशी बसली आणि खाणावळभर ऐकू जाईल असं म्हणाली, "पाव बंद, केक बंद, सगळं बंद! हॉटेलात जाऊन विचारलं ना, तर वेटर असा बघतो, जणू मी त्याची किडनीच मागितली. पण तुझ्याकडे मला कसली भीती, रोझेन? तुझं धिरडं शुद्ध!"

सगळी टेबलं भरलेली होती. लोक कौतुकानं हसले. माझ्यावर धिरडं करपायला लागलं, तरी रोझेनचा हात हलेना.

"खा बाई," ती अखेर म्हणाली. "निवांत खा."

तिला सांगायचं होतं. दर रविवारी सांगायचं होतं. पण गर्दी असली की गर्दीची लाज वाटे आणि गर्दी नसली की आनाईगची. मग तिनं स्वतःपुरती एक पळवाट काढली. आनाईगसाठी ती वेगळ्या भांड्यात नुसत्या कुट्टूचं पीठ भिजवू लागली. ते धिरडं जपून उचलताना तिला जरा हलकं वाटे. मला मात्र माझं अंग माहीत होतं. माझ्या कडांना गोड धिरड्यांचा चुरा चिकटलेला असे. तेच फडकं, तेच उलथनं सगळ्याला फिरत असे. तव्याला तोंड नसतं, मित्रांनो. आनाईगचं धिरडं मी इतरांसारखंच भाजून देत राहिलो.

एका मंगळवारी आनाईगची मुलगी एनोरा एकटीच आली. कोटही न काढता ओट्यापाशी उभी राहिली.

"मावशी, आई चोरून पाव खाते."

"कोण म्हणालं?"

"डॉक्टर. तिचं रक्त तपासलं, म्हणाले, पोटात गहू जातोच आहे. मी तिची कपाटं धुंडाळली, पलंगाखाली पाहिलं. ती रडायला लागली, शपथा घ्यायला लागली. मी म्हटलं, नाटकं पुरे. तुझ्यासमोर कधी पाव खाते का गं ती?"

"नाही," रोझेन म्हणाली.

ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. एनोरा गेल्यावर रोझेन मला पुसत राहिली. मी केव्हाच स्वच्छ झालो होतो, तरी पुसत राहिली.

रविवारी मायलेकी दोघी आल्या. आनाईगचा कोट तिच्या अंगावर लोंबत होता. आज ती हळू बोलत होती.

"माझंच कुठेतरी चुकत असणार," ती रोझेनला म्हणाली. "एनोरा एवढं सांगतेय म्हणजे... कदाचित खातही असेन मी नकळत. म्हातारपणी काय सांगावं?"

एनोरानं मान फिरवली. धिरडं समोर आलं तसा आनाईगनं काटा उचलला. तेवढ्यात रोझेन ओट्यामागून धावली आणि तिनं त्या ताटलीवर हात ठेवला.

"खाऊ नकोस."

"का गं?"

"तुझी आई चोरून काही खात नाही, एनोरा. मी घालते. पिठात मैदा घालते, कित्येक वर्षं. हल्ली हिच्यासाठी वेगळं करते, पण तवा तोच, फडकं तेच. हे धिरडं हिला चालेल का, मला नाही सांगता येत."

आनाईग उठली. तिला कोटाची बटणं लावता येईनात. एनोरानं लावून दिली आणि लावता लावता आईच्या छातीवर डोकं टेकून रडू लागली.

"पोटाचं जाऊ दे, रोझेन," आनाईग म्हणाली. "माझ्या लेकीसमोर तू मला खोटं पाडलंस."

त्या दिवशी गुल्वेननं पाटी उतरवली. रोझेननं खाणावळीतून मैदा कायमचा हद्दपार केला. नवा तवा आला, नवी भांडी आली. वर्षानुवर्षांचा गहू माझ्या अंगात मुरला होता, म्हणून मला मागच्या खोलीत सायडर या सफरचंदाच्या मद्याच्या पिंपांशेजारी भिंतीला टेकवलं. आता माझ्या कडांवर गंज चढतो. मला त्याचा राग नाही.

वसंतात आनाईगच्या गालांवर रंग आला, असं लोक बोलत. मासळीबाजारात ती दिसली की रोझेन दुसऱ्या वाटेनं वळे. मग एका रविवारी दार उघडलं आणि ओळखीचा मोठा आवाज आला. पण तो हसत नव्हता.

"पीठ कुठलं?"

"नुसता कुट्टू," रोझेन म्हणाली.

"तवा?"

"वेगळा. त्यावर गहू कधीच पडला नाही."

"उलथनं? फडकं? हात धुतलेस?"

परक्या हॉटेलात परक्या माणसाला विचारावं, तसं ती एकेक विचारत गेली. मग स्वतः आत येऊन सगळं पाहून गेली. मागच्या खोलीत मलाही पाहिलं. बाहेर जाऊन तिनं खुर्ची ओढली.

मित्रांनो, तुमच्या हातचं खाण्याआधी कुणी विचारलं, "यात काय आहे?" तर त्याला नखरेल म्हणू नका. माहीत असेल ते खरं सांगा. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा. एवढंच मागणं या गंजक्या तव्याचं आहे.

आनाईग आता दर रविवारी येते. बसण्याआधी तेच सगळे प्रश्न विचारते. 'अगं, आता तरी विश्वास ठेव,' असं रोझेन एकदाही म्हणत नाही. ती हातातलं काम थांबवते, ओट्यापुढे येऊन उभी राहते आणि पहिल्यापासून सगळं सांगते.