लाल चिंधीची खूण

मिठागराच्या बांधावर काठीला लाल चिंधी दिसली की तिचा अर्थ एकच: इथं बांध खचलाय, चिखल घाला. उरणकडच्या आगरांत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि मैना तर मिठागरवाल्यांच्याच घरची सून! पण ऐन वेळी माणसाची अक्कल कुठं पेंड खायला जाते कोण जाणे.

त्या बांधावर शेकाट्यांनी अंडी घातली होती. लांब तांबड्या पायांची ही पाखरं, उघड्यावर चार काड्या टाकून संसार थाटतात. आजूबाजूची भरतीच्या पाण्याची खाजणं भराव पडून ट्रकवाल्यांची झाली, यांना उरला तो हा एवढा बांध. मैना आणि तिच्या दिराची मुलगी प्राप्ती गावातल्या पोरींना घेऊन राखण करायच्या, कुत्री हाकलायच्या. आदल्या संध्याकाळी पोरींनी घरट्यांवर कुणाचा पाय पडू नये म्हणून चार काठ्या रोवल्या. त्यांना बांधायला मैनेनंच जुनं लाल लुगडं फाडून दिलं.

सकाळी बघते तर सासऱ्यांची खाट रिकामी. बुधाजींना मोतीबिंदू, गुडघे धरलेले. अंगणापलीकडे जाणं कधीच सुटलं होतं; अंगणातून समोरच्या बांधावरचं लाल तेवढं अजून दिसायचं. कोपऱ्यातली चिखलाची पाटीही जागेवर नव्हती. तेव्हा कुठं मैनेच्या डोक्यात उजेड पडला.

"अगं बाई, चिंधी!" म्हणत ती अनवाणीच धावत सुटली.

पहिल्या काठीखाली ओला, हातानं थापलेला चिखल. दुसरीखाली तेच, तिसरीखाली तेच. वर शेकाट्यांनी टाहो फोडला होता. मैनेनं बसून उकरलं, तर हाताला फुटकी टरफलं लागली. तिला भडभडून आलं. पण रडायला वेळ होता कुठं? म्हातारा पाटी घेऊन चौथ्या काठीकडे निघाला होता.

"बाबा, थांबा!"

बुधाजी वळले. आणि काय सांगू, चेहरा नुसता फुललेला! "आलीस व्हय? आज अवसेचा उधाण हाय. तुझी खूण दिसली नि मना बरा वाटला बघ. म्हाताऱ्याला कोण इचारतंय? पण माझ्या सुनंनी इचारला."

सांगावं तर ते हसू मावळणार, न सांगावं तर चौथं घरटंही जाणार.

"बाबा, ती खूण बांधाची नाय. अंड्यांची हाय. चूक माझी."

म्हातारा वाकला. डोळे अगदी जमिनीला लावले तेव्हा मातीच्याच रंगाची चार ठिपकेदार अंडी दिसली.

"मंग... मागं तीन ठिकाणी?"

मैनेनं नुसती मान हलवली.

बुधाजी मटकन खाली बसले आणि आपल्या चिखलाच्या हातांकडे बघत राहिले. "पाखरा वरडत व्हती गं," ते म्हणाले, "मी म्हनला, वरडू दे." म्हाताऱ्याचे डोळे वाहायला लागले. मैनेला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

पण इथं बांध खरंच खचला होता. उधाण चढलं की पाणी अंड्यांवरून जाणार. बुधाजींनी डोळे पुसले, पाटी ओढली आणि घरट्याभोवती मूठमूठ चिखल रचू लागले. समुद्राच्या अंगाला कडं उंच केलं, अंड्यांना बोटही लावलं नाही. मैना चिखल आणून देत होती. मग दोघं लांब जाऊन बसली.

दुपारी पाणी चढत चढत कड्याला लागलं. मैनेनं देवाचं नाव घेतलं. पाणी थोडा वेळ तिथंच थबकलं आणि उतरायला लागलं. मग मादी आली आणि लांब पाय दुमडून अंड्यांवर बसली.

तेवढ्यात प्राप्ती आली. तीन ठिकाणचा चिखल बघून पोरगी भडकलीच. "कुणी केलं हे?"

मैना तोंड उघडणार, तोच बुधाजी म्हणाले, "मी. या हातांनी."

प्राप्तीनं त्यांच्या चिखलानं माखलेल्या हातांकडे बघितलं. मग तिनं चौथ्या काठीची चिंधी सोडली आणि हळूच विचारलं, "आता दुसरी कसली खूण लावायची, आजोबा?"

"खूण कशाला?" म्हाताऱ्यानं ती चिंधी घेतली आणि उन्हासाठी डोक्याला गुंडाळली. "पिल्ला निगंपर्यंत मी बसतंय ना हितं."