देवघरातला दिवा लागला

मी एक हब बोलतोय. नाव ऐकून डोळ्यांसमोर काही येत नाही, ठाऊक आहे मला. साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, बंगळुरूत पीण्या नावाच्या वस्तीजवळच्या एका घरात, शोकेसमधल्या गणपतीशेजारी बसवलेली. घरातले बिनतारी दिवे, पंखे मला सगळं सांगतात आणि मी ते फोनपर्यंत पोचवतो.

या घरात हेमलताबाई एकट्या राहायच्या. सरकारी कारखान्यात इंजिनिअर असलेले यजमान वारले होते. मुलगी संहिता इलेक्ट्रॉनिक सिटीत, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मधला ट्रॅफिक असा, की मायलेकींची भेट रविवारीच. मला संहितानेच आणलं.

"आई, बटण दाबून धर. लुकलुकलं की जोडलं गेलं."

"स्वल्प थांब गं, बोट दुखतंय."

"हं, झालं! आता या गीझरला नाव काय देऊ?"

"बंब म्हण. बंबच आहे तो."

तेव्हापासून तो बंबच. खूप हसल्या होत्या दोघी.

देवघरात विजेचा एक छोटा दिवा होता. तिन्हीसांजेला हेमलताबाई त्याचं बटण दाबायच्या, हात जोडायच्या आणि लगेच संहिताच्या फोनवर माझा निरोप जायचा, 'देवघरातला दिवा लागला.' एरवी फोन करून विचारलं तर बाई अंगात ताप असतानाही "बरी आहे" म्हणायच्या. म्हणून दोघींनी ठरवलंच होतं, दिवा लागला म्हणजे आई ठीक. एवढ्याशा कामाचा मला फार अभिमान होता.

यंदा बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. देवघरापर्यंत जाणंही जड जाऊ लागलं. संहिताचा जीव कळवळला. सूर्य मावळला की दिवा आपोआप लागेल, असं तिने करून टाकलं.

"मग मी काय करू?"

"तू बसल्या जागी हात जोड."

"सरी, बरं," बाई म्हणाल्या. आवाज जरा उतरलेला होता, पण लेकीच्या मायेपुढे काय बोलणार?

माझा निरोप मात्र तसाच जात राहिला. इतक्या शिकल्यासवरल्या पोरीच्याही ते ध्यानात आलं नाही. मायेच्या भरात माणसं अशीच चुकतात, आणि त्यांना रागावताही येत नाही.

त्या दिवशी दुपारी हेमलताबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या. बराच वेळ लेकीला, शेजारणीला हाका मारत होत्या. "संहिता... सुप्रीता..." मला सगळं ऐकू येत होतं, पण ठरवून दिलंय त्यापलीकडे एक अक्षर मला बोलता येत नाही. मग सूर्य मावळला, दिवा लागला आणि मी निरोप धाडला. ऑफिसात संहिताने तो वाचला आणि निर्धास्तपणे फोन बाजूला ठेवला.

सकाळी दारातली दुधाची पिशवी तशीच पाहून शेजारच्या सुप्रीताने "अक्का! अक्का!" करत दार ठोठावलं, मग शेजारपाजाऱ्यांना बोलावून ते उघडवलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळीच आणलं असतं तर वाचल्या असत्या.

"पण दिवा लागला होता गं," संहिता सुप्रीताला पुन्हा पुन्हा सांगत होती. "मी बघितला होता."

आता घराला कुलूप आहे. बाकी सगळी उपकरणं संहिताने बंद केली. दिवा आणि मी तेवढे चालू आहोत. रोज सूर्य मावळला की माझा निरोप जातो आणि ती तो लगेच उघडून वाचते.

संहिता, पोरी, एकदा ये आणि माझी वायर काढ. तू वाचतेस तो निरोप आईचा नाही गं, माझा आहे.